जपानी आकृतिचित्राची नक्कल

सोलापुरांतील आमच्या एका स्नेह्यांच्या कन्येनें किमोनो नेसलेल्या एका जपानी स्त्रीचें चित्र समोर ठेवून तसेंच दुसरें काढण्यांत नुकताच एक महिना घालविला. तें पाहून तिचे वडील म्हणाले, "हात चांगला आहे; पण अखेर ही नक्कलच!" मुलीनें चित्र मुकाट्यानें गुंडाळून ठेवलें. असा अभिप्राय आपल्या सुशिक्षित घरांत नेहमींच ऐकूं येतो; म्हणून त्याचा विचार करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

1887 सालीं पॅरिस येथें व्हॅन गॉग यानेंही हेंच केलें होतें. 'पारी इल्युस्त्रे' या नियतकालिकाच्या 1886 सालच्या एका मुखपृष्ठावर केसाइ एइसेन या जपानी चित्रकाराची एक गणिका छापली होती. तिची आकृति त्यानें कागदावर उतरून घेतली, चौकोन आखून मोठी केली व तैलरंगांत रंगविली. परंतु तो तेवढ्यावर थांबला नाहीं. बांबू, पाणकमळें, क्रौंच व बेडूक यांनीं भरलेलें भोंवतालचें दृश्य त्यानें स्वतः योजिलें.

चौकोनांची ही युक्ति सोलापूरकरांस नवी नाहीं. जॅकार्ड मागावरील चादरीची नक्षी आधीं चौकोनी कागदावर मांडतात व मग तिच्यावरून पुठ्ठ्यांस भोकें पाडतात. तथापि चौकोन प्रमाण सांगतात, प्राण सांगत नाहींत. जपानी ठशाच्या चित्रांत रेषा लांकडांत कोरलेली असते. छायेचा फारसा आश्रय न घेतां तीच वस्त्राची घडी, मानेचा कल व देहाचा भार व्यक्त करते. आमच्या या विद्यार्थिनीनें किमोनोच्या घड्या समजून काढल्या आहेत. परंतु चेहऱ्यावर पेन्सिलीची छाया घांसली, आणि तेथेंच मूळ चित्र तिच्या हातून निसटलें. हा दोष नकलेचा नव्हे, अपुऱ्या नकलेचा होय.

नकलेचें खरें फळ कोणतें, हें अजिंठ्याच्या इतिहासावरून कळतें. रॉबर्ट गिल यांनीं तेथें केलेल्या बहुतेक प्रतिकृति 1866 सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगींत जळाल्या. जॉन ग्रिफिथ्स यांनीं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंतील विद्यार्थ्यांसह 1872 पासून केलेल्या प्रतिकृतींपैकीं अनेक 1885 सालीं लंडनलाच अग्नीच्या भक्ष्यस्थानीं पडल्या. पुढें आराइ कान्पो हा जपानी चित्रकार अजिंठ्यास आला. त्याच्या प्रतिकृतीही 1923 सालच्या भूकंपानंतरच्या आगींत नष्ट झाल्या. कागद व कापड गेलें. पण त्या रेषांमागून फिरलेल्या हातांस जें वळण लागलें, तें कोणत्याही आगीनें जळालें नाहीं. शिवाय जपानचा चित्रकार जर आपल्या लेण्यांत शिष्य म्हणून बसला, तर आपल्या कन्येनें जपानी रेषेपुढें शिष्य म्हणून बसण्यांत लाज ती कसली?

दोन पथ्यें मात्र पाळावीं. नकलेखालीं मूळ चित्रकाराचें नांव लिहावें. अन्यथा अभ्यासाची चोरी होते. आणि नक्कल पुरी होतांच मूळ चित्र मिटून, नऊवारी नेसलेली आजी निवडण-टिपण करतांना त्याच रेषेंत काढून पाहावी. ती साधली, तर महिना सार्थकीं लागला. न साधली, तर पुन्हा नकलेकडे वळावें.

आमच्या स्नेह्यांस एवढीच विनंति कीं, तें गुंडाळलेलें चित्र त्यांनीं स्वतःच्या हातानें उलगडून कन्येपुढें ठेवावें.