बुडालेल्या कंपनीचीं गाणीं

वसईच्या सांडोर गांवीं माझ्या एका स्नेह्यांच्या माळ्यावर जुन्या तबकड्यांची पेटी आहे. तींतील एक तबकडी आम्ही उजेडांत धरून पाहिली. मधल्या कागदी चकतीवर ‘यंग इंडिया’ हें नांव, त्याखालीं एका गायिकेचें, आणि कडेपासून आंत गेलेली केसाएवढी चीर. घरच्या समारंभाच्या निमित्तानें हें गाणें नव्यानें उतरवून लोकांस ऐकवावें, एवढीच त्यांची इच्छा. “कंपनी तर केव्हांच बुडाली, आतां ह्या गाण्याचा धनी कोण?” असें त्यांनीं विचारलें, आणि मला तत्काळ उत्तर देतां आलें नाहीं.

‘यंग इंडिया’ ही मुंबईच्या नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीची मुद्रा. 1935 ते 1955 हा तिचा काळ. नामांकित गायक बहुधा ‘हिज मास्टर्स व्हॉइस’कडे जात, ह्या देशी कंपनीच्या वांट्यास पुष्कळसे नवखे, हौशी व अल्पप्रसिद्ध कलावंत आले. कोणी ह्यास तिचें उणें म्हणतील. माझ्या मतें तेंच तिचें मोल आहे. कसलेल्या गवयाची तीन मिनिटांची तबकडी त्या गवयाची ओळख करून देते. हौशी गायकाची तबकडी सबंध काळाची. त्या पिढीच्या कानांत कोणाचे सूर घोळत होते, नक्कल कोणाची होत असे, मराठी शब्द गातांना कोठें तोडीत व कोठें लांबवीत, हें अशा साध्या गाण्यांतूनच कळावयाचें.

परंतु आपल्या भावगीताचा जो इतिहास आपण सांगतों, तो बहुतांशीं जगलेल्या कंपनीच्या यादीवरून रचलेला आहे. ‘हिज मास्टर्स व्हॉइस’चा वारसा आज ‘सारेगामा’ह्या नांवानें चालतो, म्हणून तिच्या गाण्यांस लाँग प्ले, पुढें कॅसेट, असे जन्मामागून जन्म मिळाले. 1938 पासून तेथें अधिकारी असलेल्या जी. एन. जोशी यांच्यासारखा आठवणी लिहिणाराही तिला लाभला. जर्मन ‘ओडियन’ हिंदुस्थानांतून उठून गेली खरी, पण तिची मूळ कंपनी 1931 सालींच ई.एम.आय. ह्या मोठ्या कुटुंबांत सामील झालेली होती. तेथें नांव गेलें तरी वारस उरला. ज्या कंपनीस असा वारस नाहीं तिच्या गायकांची गुणवत्ता कोणी तपासून नाकारली असें नव्हे. तीं गाणीं कोणी पुन्हां ऐकलींच नाहींत.

आतां धन्याचा प्रश्न. कंपनी बुडाली म्हणजे गाणें मोकळें झालें, हा सार्वत्रिक समज चुकीचा आहे. स्वामित्वहक्क ही मालमत्ता आहे. खुर्च्यामेजांप्रमाणें तीही विकली जाते, धनकोच्या हातीं जाते. कोणीच धनी न उरल्यास राज्यघटनेच्या 296 व्या कलमान्वयें बेवारस मालमत्ता सरकारांत जमा होते. म्हणजे एखाद्या भावगीताचें धनीपण नकळत सचिवालयाकडे गेलेलें असावयाचें! हा हक्क मात्र अमर नाहीं. 1914 च्या कायद्यानें मूळ ठसा तयार झाल्यापासून पन्नास वर्षें मुदत दिली. 1957 च्या कायद्यानें ती प्रसिद्धीपासून मोजली. 1992 सालीं ती साठ वर्षें झाली. त्या हिशेबानें 1955 सालीं निघालेल्या तबकडीचाही हक्क 2015 अखेर संपला. ‘यंग इंडिया’चा सगळा ध्वनी आज मोकळा आहे.

ध्वनी मोकळा; शब्द व चाल मोकळीं असतीलच असें नाहीं. त्यांचा हक्क कवीच्या व संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षें चालतो. देवल 1916 सालीं वारले, खाडिलकर 1948 सालीं. त्यांचीं पदें कोणीही घ्यावीं. पण ग. दि. माडगूळकर 1977 सालीं गेले, त्यांच्या शब्दांवर 2037 अखेरपर्यंत हक्क राहील. सुधीर फडके 2002 सालीं गेले, त्यांच्या चालींवर 2062 पर्यंत. धनी सांपडत नसल्यास अर्ज करून परवाना मागण्याची सोय कायद्याच्या 31-अ कलमांत आहे. पण एका तबकडीसाठीं एवढा खटाटोप कोण करणार?

माझी खरी तक्रार मुदतीविषयीं नाहींच. 1954 च्या कायद्यान्वयें छापलेल्या ग्रंथाची प्रत कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास व मुंबईसह आणखी तीन शहरांतील ग्रंथालयांस द्यावी लागते. त्यामुळें प्रकाशक बुडाला तरी पुस्तक कोठेंतरी उरण्याची आशा असते. तबकडीच्या बाबतींत त्या कायद्यानें असें कांहींच मागितलें नाहीं. समाजानें साठ वर्षें मक्तेदारी बहाल करावी आणि बदल्यांत एक प्रतही मागूं नये, हा कसला व्यवहार? मुदत संपून गाणें सर्वांचें होतें, तोंवर लाखेची तबकडी फुटून गेलेली असते.

जें उरलें तें संग्राहकांमुळें. सुरेश चांदवणकर यांनीं ‘यंग इंडिया’च्या तबकड्या मिळवून ब्रिटिश लायब्ररीच्या साहाय्यानें त्यांच्या संगणकीय प्रती करविल्या, ही मोठीच कामगिरी होय. मुंबईंत जन्मलेला आवाज जपण्यास लंडनच्या ग्रंथालयानें पैसा पुरवावा, ह्याची मात्र थोडी लाज वाटते.

स्नेह्यांस मीं सांगितलें, कीं आवाजासाठीं कोणाची परवानगी नको. कवी व संगीतकार कोण तें मात्र शोधावें लागेल. चकतीवर त्यांचीं नांवें नाहींत. घरांतील एका वृद्ध बाईंस गाण्याचा मुखडा पाठ आहे, कवी ठाऊक नाहीं. तबकडी तूर्त दोन पुठ्ठ्यांमध्यें बांधून ठेवली आहे. चीर वाढण्यापूर्वीं ती एकदां तरी उतरवून घ्यावी, असें ठरलें आहे.