ध्वनिवर्धक आणि श्रवण

सोलापूरकर रसिकाला मैफलीला जायचे झाले की त्याची पावले हुतात्मा स्मृतिमंदिराकडे वळतात. नाटक, सभा, सत्कार आणि गायन या साऱ्यांना हे एकच सभागृह आसरा देते. मुंबईसारख्या महानगरात तरी संगीताला हक्काचे घर मिळाले काय, हा प्रश्न म्हणूनच आपल्यालाही परका नाही.

धोबी तलावाजवळ, सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या शेजारी असलेल्या रंगभवनाने दीर्घकाळ ही गरज भागविली. या खुल्या प्रेक्षागृहात १९७८ साली 'जॅझ यात्रा' सुरू झाली; पुढे रॉक संगीताचा तरुण श्रोतृवर्गही तेथे जमू लागला. परंतु जवळच रुग्णालये होती. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरांचा परिसर शांतता क्षेत्र मानला आणि रंगभवनातील जलसे थांबले. रसिकांची हळहळ आम्ही समजू शकतो. तथापि आजाऱ्याची झोप हिरावणारी कला आम्हांला समर्थनीय वाटत नाही. दोष संगीताचा नव्हता; उघड्यावर वाढविलेल्या आवाजाचा होता.

नरिमन पॉइंट येथील टाटा थिएटरची कल्पना याच्या नेमकी उलट. वास्तुकार फिलिप जॉन्सन आणि ध्वनिशास्त्रज्ञ सिरिल हॅरिस यांनी रचलेले, सुमारे १००० आसनांचे हे प्रेक्षागृह १९८० साली खुले झाले. सतारीचा नाजूक स्वरही ध्वनिवर्धकाविना सर्वांपर्यंत पोहोचावा, हा त्यामागील हेतू होय. मात्र तिकीट काढून शहराच्या दक्षिण टोकापर्यंत येणे उपनगरातील सामान्य कुटुंबाला सोपे नाही. उत्तम श्रवण आहे, पण ते थोड्यांसाठी.

योग्य सभागृहांची उणीव आणि चर्चमधील अनुकूल ध्वनिरचना यांमुळे चर्चमध्ये मैफली भरविण्याची मागणी जगभर वाढली. तिची दखल घेऊन रोमच्या उपासनाविषयक विभागाने ५ नोव्हेंबर १९८७ रोजी मार्गदर्शक पत्र काढले. संगीत पवित्र स्थळाला साजेसे असावे, गायक-वादकांनी वेदीच्या परिसरात बसू नये आणि प्रवेश सर्वांना विनामूल्य असावा, असे त्यात सांगितले आहे. ही शेवटची अट आम्हांला फार मोलाची वाटते.

पण आपल्याच चर्चमध्ये आपण काय करीत आहोत? उंच छत आणि कठीण भिंती यांमुळे तेथे स्वर रेंगाळतो. संथ समूहगायन त्यात फुलते. ध्वनिवर्धकाचा कल्लोळ मात्र शब्दांचा चिखल करतो. आम्ही धर्मगुरूही निर्दोष नाही. प्रवचन ऐकू जावे म्हणून बसविलेला मायक्रोफोन आम्हीच गायकवृंदाच्या हाती दिला. त्याच्या जोडीला कीबोर्डचा तयार ठेका आला. आता चौघे गातात आणि चारशे ऐकतात. मागच्या बाकावरील आजीला सारी गीते पाठ आहेत. ती तिच्या ओठांतच राहतात. उपासनेतील गायनात सर्व भाविकांचा सक्रिय सहभाग असावा, असे द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच सांगितले होते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. एखाद्या रविवारी मिस्साच्या गायनापुरता मायक्रोफोन बंद ठेवावा. पहिले कडवे डळमळेल, दुसऱ्याला लोक एकमेकांकडे पाहतील. तिसऱ्या कडव्यापर्यंत थांबण्याचा धीर मात्र आम्ही धर्मगुरूंनी धरला पाहिजे.