यशयाची ‘आलमा’ आणि आपली ‘कुमारी’

नाताळच्या उपासनेत यशया ७:१४ हे वचन मराठी मंडळ्यांतून वाचले जाते. त्यातील ‘कुमारी’ या शब्दात ख्रिस्तजन्माचे भाकीत सात शतके आधीच स्पष्टपणे वर्तविले आहे, असे परंपरागत विवेचन प्रस्तुत लेखकाच्या मंडळीतही शिकविले जाते. या विवेचनाचा भाषिक पाया तपासणे हा या टिपणाचा हेतू आहे.

मूळ हिब्रू शब्द ‘आलमा’ असा असून त्याचा अर्थ विवाहयोग्य वयाची तरुणी असा आहे. कौमार्य दर्शविण्यासाठी सामान्यतः ‘बतूला’ हा शब्द येतो. मत्तयाने आधारास घेतलेल्या ग्रीक भाषांतरात मात्र ‘पार्थेनोस’ असा शब्द आहे. तथापि केवळ शब्दावरून निर्णय करणे धोक्याचे होय. उत्पत्तीच्या २४ व्या अध्यायात रिबकेला हे दोन्ही हिब्रू शब्द लाविले आहेत. योएल १:८ मधील ‘बतूला’ पतीसाठी शोक करते. आणि ग्रीक भाषांतरात दीनेला तिच्यावरील अत्याचारानंतरही ‘पार्थेनोस’ म्हटले आहे. तेव्हा निर्णय संदर्भानेच झाला पाहिजे.

तो संदर्भ असा : इ. स. पू. ७३५ च्या सुमारास अरामचा रसीन व इस्राएलचा पेकह हे यहूदाच्या आहाज राजावर चालून आले. मुलाला बरेवाईट कळू लागण्यापूर्वीच या दोन राजांचे देश ओस पडतील, हे चिन्हाचे मर्म होय. इ. स. पू. ७३२ मध्ये दिमिष्क पडले. सात शतकांनी जन्मणारे बालक हे भयभीत आहाजाला चिन्ह कसे ठरावे, या प्रश्नास परंपरेपाशी समाधानकारक उत्तर नाही. वचनाची पूर्णता दुहेरी आहे असे कोणी म्हणतात. ते मान्य करता येईल. परंतु मग पहिली पूर्णताही व्यासपीठावरून सांगितली पाहिजे.

जोहे गावच्या परिसरात हा प्रश्न केवळ ग्रंथगत राहात नाही. जवळच पेणला बेने इस्राएलांचे प्रार्थनामंदिर आहे. पूर्वी ‘शनवार तेली’ म्हणून ओळखला जाणारा हा समाज मराठीच बोलतो, आणि यशया त्याचाही संदेष्टा आहे. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये या समाजासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. मिशनऱ्यांना भाकितांचा ख्रिस्ती अर्थ पटवावयाचा होता; परंतु एकदा भाषा हाती दिली की वाचक आपल्या अर्थाने वाचणार, हे ओघानेच आले. ‘आलमा’ हा शब्द पुरावा म्हणून पुढे करून या शेजाऱ्यांना आंधळे ठरविणे ज्ञानदृष्ट्या व नीतिदृष्ट्याही असमर्थनीय आहे.

अशी चिकित्सा म्हणजे मंडळीशी द्रोह नव्हे. पंडिता रमाबाईंनी चर्चच्या अधिकारवाणीपुढे स्वतःची विवेकबुद्धी गहाण ठेविली नाही. आणि त्याच रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून केडगावी संपूर्ण बायबल मराठीत आणले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

येशूच्या कुमारीजन्माची श्रद्धा मत्तय व लूक यांच्या कथनावर उभी आहे. लूक तर यशयाच्या या वचनाचा उल्लेखही करीत नाही. मत्तयाने घेतलेला अर्थ हा मागे वळून पाहणाऱ्या श्रद्धेचा अर्थ आहे, आणि तो तसा घेण्याचा ख्रिस्ती माणसास अधिकार आहे. मात्र तो यशयाच्या श्रोत्यांच्या माथी मारता येत नाही. मराठी बायबलात या ठिकाणी ‘तरुणी’ हा पर्याय निदान तळटीपेत तरी असावा, आणि उपदेशकाने तो मोठ्याने वाचावा, एवढीच येथे मागणी आहे.