मोळीवाल्या म्हातारीचा नातू

पालकांसाठी मराठीत लिहिलेली पुस्तके मी शिक्षक म्हणून वाचत आलो आहे. ती वाईट आहेत असे मी म्हणणार नाही. मुलाला मारू नये, त्याचे प्रश्न टाळू नयेत, हे सांगायलाच हवे होते. पुण्यात १९८७ साली सुरू झालेल्या 'पालकनीती'ने ते नेटाने सांगितले. माझे भांडण वेगळे आहे. या पुस्तकांतला पालक कोण?

हसनाबादला आमच्या वस्तीत, कापूस वेचणीच्या दिवसांत, मी असेच एक पुस्तक आयांना वाचून दाखवत होतो. मुलासाठी रोज संध्याकाळचा निवांत वेळ राखून ठेवा, असा त्यात सल्ला होता. नुकतीच रानातून आलेली एक बाई म्हणाली, "सर, ह्यातल्या आईला दिवसभराचं काम न्हाई वाटतं?" बाया हसल्या. मी पुस्तक मिटले. मोठमोठे समीक्षक जो प्रश्न विचारत नाहीत तो तिने विचारला होता.

मराठी घरांनी पालकत्वाचा पाठ म्हणून वाचलेले सर्वांत मोठे पुस्तक 'श्यामची आई' (१९३५). त्यात एका महार म्हातारीला मोळी उचलता येत नसते. आई श्यामला ती तिच्या डोक्यावर चढवायला सांगते, आणि घरी येऊन अंघोळ करायलाही सांगते. साने गुरुजींच्या कळकळीविषयी मला शंका नाही. पंढरपूरच्या मंदिरप्रवेशासाठी त्यांनी १९४७ साली उपोषण केले. पण संस्कार होतो तो श्यामवर. म्हातारी त्या संस्काराचे निमित्त. तिच्या घरी नातू असेल तर आजी त्या रात्री त्याला काय सांगेल? मला शिवलेला पोरगा अंघोळीला गेला, हे ती कोणत्या शब्दांत समजावील? प्रस्थापित बालसंगोपनाला हा प्रश्न पडत नाही. तिथे आपले मूल येते ते दुसऱ्याच्या मुलाला दया शिकवायला.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना मात्र मी वेगळे काढतो. बोर्डीला १९४५ साली बालवाडीचे काम सुरू झाले. मुले येत नाहीत म्हणून त्यांनी आईबापांना बोल लावला नाही, शाळाच अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कोसबाडला कुरणशाळा काढली. मुलाच्या हाताच्या कामावर घर चालते, हे त्यांनी ओळखले होते. जोतीराव फुल्यांनी १८८२ सालीच हंटर कमिशनपुढे तेच मांडले होते: खेड्यातल्या गरिबाला गुरांमागे आणि शेतात पोर लागते, म्हणून शिष्यवृत्त्या द्या. आमच्याकडे वेचणीचे पैसे किलोवर मिळतात. पोरीला शाळेत धाडणारी आई दोन हातांची मजुरी सोडते. हा सोडलेला पैसा पालकत्वाच्या कोणत्या प्रकरणात बसतो?

म्हणून मी आता आयांच्या बैठकीत 'आयदान' (२००३) नेतो. उर्मिला पवारांनी ते पालकांसाठी लिहिलेले नाही. पण त्यात टोपल्या विणून मुले शिकवणारी आई आहे, आणि शेण काढायला नकार दिला म्हणून पोरीला मास्तराने मारले तेव्हा त्याला जाब विचारणारीही तीच आई आहे. शाळेने मुलाचा अपमान केला तर आईने काय करावे, हे पालकांच्या पुस्तकांत मला क्वचितच सापडले. तिथे शाळा आणि घर एकाच बाजूला असतात.

तरीही आपल्या साहित्याला मोकळे सोडता येत नाही. बापाच्या माराला आपण परिस्थितीचे नाव देऊन गप्प बसलो. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन शाळा सोडलेली बहीण आपल्या आत्मकथनांत येते, पण बहुधा भावाच्या यशाच्या मागे उभी. इथे त्या पांढरपेशा पुस्तकांकडून शिकायला मला लाज वाटत नाही.

हे मी बैठकीत बोललो तेव्हा वेळेचा प्रश्न विचारणारी तीच बाई पुष्कळ वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मव्हा बाप लई मारायचा, सर. मीबी मारते." त्या दिवशी वाचन तिथेच थांबले. एकेक बाई बोलत गेली, आणि पोरे दारात बसून ऐकत होती.