‘खानदेश वैभव’, धुळे, साप्ताहिक

मुंबई सरकार दर आठवड्याला एक अहवाल छापत असे. इलाख्यातली देशी वर्तमानपत्रं काय लिहितात, याचा इंग्रजी गोषवारा ओरिएंटल ट्रान्सलेटरच्या कचेरीत तयार व्हायचा आणि मोजक्या साहेबांच्या टेबलांवर जायचा. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या या अहवालांना पत्रांचा एक तक्ता जोडलेला आढळतो. त्यात अनुक्रम, पत्राचं नाव, कुठून निघतं, दैनिक की साप्ताहिक, संपादकाचं नाव-जात-वय आणि खप असे सहा रकाने. मराठी पत्रांच्या रांगेत एक ओळ अशी: खानदेश वैभव, धुळे, साप्ताहिक, यादव बाळकृष्ण बहाळकर, हिंदू (देशस्थ ब्राह्मण), पुढे वयाचा आकडा आणि शेवटी काही शेकड्यांचा खप.

रसग्रहण कवितेचं करतात, फार तर कथेचं. पण परदेशात बसून खानदेशातली आपली मुळं शोधणाऱ्याच्या हाती कविता लागत नाही, अशा ओळी लागतात. न्यू जर्सीत किंवा लेस्टरमध्ये राहणाऱ्या पणतूला धुळ्याच्या जुन्या वर्तमानपत्राचं पहिलं दर्शन बहुधा ते पत्र न वाचणाऱ्यांसाठी केलेल्या या तक्त्यात घडतं. पत्राचे अंक मिळोत न मिळोत, त्याच्यावर ठेवलेली पाळत मात्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या कागदांत व्यवस्थित जपलेली आहे, आणि तिच्यातला काही भाग आता पडद्यावरही वाचता येतो. म्हणून ही ओळ कवितेइतक्याच सावकाशीनं वाचायला हवी.

सुरुवात ‘धुळे’पासून. इंग्रजीत ते ‘धुलिया’ असं येतं. खानदेशाचं स्पेलिंग आधीच्या कागदांत इंग्रजी ‘सी’नं सुरू होतं, नंतरच्या कागदांत ‘के’नं, तेही आकारावर तिरपी रेघ देऊन. यंत्राला आजचं स्पेलिंग दिलं की यंत्र सरळ ‘काही सापडलं नाही’ म्हणतं, आणि शोधणारा समजतो की आपलं गाव इतिहासात नव्हतंच. जिल्ह्याचंही तेच. 1906 पर्यंत अख्खा खानदेश एक जिल्हा होता, मुख्य ठाणं धुळं. त्या साली पूर्व आणि पश्चिम खानदेश झाले, पूर्वेचा कारभार जळगावला गेला. म्हणजे 1890 सालच्या यावलच्या किंवा एरंडोलच्या माणसाचा जिल्ह्याच्या कचेरीतला कागद धुळ्याच्या नावाखाली असतो. आजच्या नकाशावर बोट ठेवून ‘आम्ही जळगावचे’ म्हणणारा तिथे चुकीच्या दारावर उभा राहतो. नंदुरबार तर 1998 मध्ये वेगळं झालं.

मग संपादकाचा रकाना. नाव, बापाचं नाव, आडनाव. बहाळ हे चाळीसगाव तालुक्यातलं गिरणाकाठचं गाव, आणि आडनाव तिकडे बोट दाखवतं. पुढे जात, पुढे वय. सरकारला वय कशाला हवं होतं? तरुण संपादक जास्त पेटलेला असतो, असा काही हिशेब असावा. पण वंशावळ मांडणाऱ्याला या आकड्यात जन्मसाल दिसतं. दोन-चार वर्षं इकडेतिकडे धरावीत, कारण साहेबाला दिलेलं वय आणि जन्मपत्रिकेतलं वय एकच असेल याची हमी नाही. ज्यानं ते टिपलं त्याला हा माणूस कुणाचा आजा-पणजा होणार आहे याच्याशी काही देणंघेणं नव्हतं, आणि मला वाटतं म्हणूनच ही नोंद विश्वासाची. घरच्यांनी लिहिलेल्या कुळकथेत पणजोबा नेहमी सहा फूट उंच आणि बाणेदार असतात.

खपाचा रकाना वाचताना मात्र जपून. काही शेकडे म्हणजे क्षुल्लक, असं आजच्या डोळ्याला वाटतं. वाचनालयात, कोर्टाच्या आवारात, चावडीवर, पेढीवर एक अंक किती जण वाचत आणि किती जण नुसता ऐकत, ते या रकान्यात मावलेलं नाही.

तक्त्यामागे अहवालाचा मजकूर येतो. त्याचे मथळे ठरलेले: राजकारण आणि राज्यकारभार, कायदे, शिक्षण, रेल्वे, नगरपालिका, संस्थानं. प्रत्येक उताऱ्याला पत्राचं नाव, तक्त्यातला अनुक्रम आणि अंकाची तारीख. भाषांतरकाराची निवड साहेबाच्या काळजीनं ठरलेली आहे. सरकारवर टीका आली की ती इंग्रजीत जाते, आणि त्याच अंकातलं लग्न, मुंज, वारल्याची बातमी, घर विकण्याची जाहिरात जागच्या जागी राहते. पणतूला हवं असतं नेमकं तेच उरलेलं. तरी या अहवालाचा एक उपयोग कुणी नाकारू नये. त्यातून तारीख मिळते. धुळ्याच्या पत्रात अमुक तारखेला तमुक गावच्या तक्रारीबद्दल लिहून आलं होतं, एवढं कळलं की कुठला अंक मागायचा ते ठरतं.

त्याच तक्त्यात जळगावचं ‘प्रबोधचंद्रिका’ आहे, संपादक नारायण नरसिंह फडणीस. सरकारच्या लेखी हे एका साप्ताहिकाचे चालक. मराठी वाचकाला ते ‘काव्यरत्नावली’चे म्हणून माहीत असतात. जळगावातून 1887 ते 1935 एवढा काळ केवळ कवितेला वाहिलेलं मासिक चालवणं आणि 1907 मध्ये तिथंच कविसंमेलन भरवणं ही काय चीज आहे, याला तक्त्यात रकाना नाही. धरणगावात जन्मलेले बालकवी त्या संमेलनामुळे महाराष्ट्राच्या कानावर आले. पाळतीच्या कागदांत माणूस जेवढा दिसतो तेवढाच तो असतो, असं मानण्याचा मोह परदेशातल्या वाचकाला अधिक होतो. त्याच्याकडे ताडून पाहायला दुसरं काही नसतं.

इथे भुसावळची आठवण येते, आणि थोडा रागही. भुसावळच्या रेल्वेत नोकरी केलेल्या युरोपियन किंवा अँग्लो-इंडियन ड्रायव्हरचा पणतू इंग्लंडात असेल, तर त्याचं काम पुष्कळ सोपं. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं यांच्या नकला नियमानं लंडनला जात. त्या इंडिया ऑफिसच्या ‘एन-3’ या मालिकेत आहेत, नावांच्या सूचीसकट. ‘टाइम्स ऑफ इंडिया’त जन्म-विवाह-मृत्यूचा रकाना असे, त्या काळी मुख्यतः गोऱ्यांचा, आणि 1838 पासूनचे त्याचे अंक अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांतून शब्द टाकून शोधता येतात. शिवाय अशा कुटुंबांची 1998 पासून चालणारी एक संस्थाच आहे. पण त्याच इंजिनात कोळसा ओढणाऱ्या, फैजपूरकडून आलेल्या माणसाचा जन्म कुठल्याही बोटीतून लंडनला गेला नाही. त्याच्या पणतूला धुळे-जळगावकडेच वळावं लागतं, आणि तिथे नावांची सूची कुणी करून ठेवलेली नसते.

तिथे मिळणाऱ्या मजकुरात मला सगळ्यांत रसाळ वाटते ती कोर्टाची नोटीस. 1827 च्या आठव्या रेग्युलेशनखाली मुंबई इलाख्यात वारसाचा दाखला मिळे. त्यासाठी अर्ज झाला की कुणाची हरकत असल्यास कळवावं म्हणून जाहीर सूचना निघायची, आणि अशा सरकारी नोटिसांवर बरीच छोटी पत्रं तगून होती. भाषा अगदी रुक्ष असते. पण नीट पाहा, एका वाक्यात मयताचं पूर्ण नाव, गाव, तालुका, मरणाची तारीख, अर्जदार त्याचा कोण लागतो आणि मिळकत काय, एवढं सगळं बसलेलं असतं. ज्या विधवेचं नाव घराच्या वंशावळीत ‘पत्नी’ एवढंच उरलं, ती इथे नावानिशी, वयानिशी, अर्जदार म्हणून उभी असते. बायकांना वर्तमानपत्रात शिरायला कवितेपेक्षा मिळकतीचं दार सोपं होतं, असं म्हटलं तर ते कडवट वाटेल, पण खोटं ठरणार नाही.

दुसरा नमुना निधनवार्तेचा, आणि तो आजही धुळ्या-जळगावच्या दैनिकांत रोज सकाळी भेटतो. ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलं, तीन मुली, जावई, नातवंडं असा परिवार आहे.’ हे एक वाक्य म्हणजे तीन पिढ्यांचा आराखडा, पण त्याचं व्याकरण पाहण्यासारखं आहे. मुलगे पुढच्या वाक्यात नावानं येतात, कारण मयत कुणाचे तरी ‘वडील होत’, आणि तो कुणी तरी शिक्षक किंवा नगरसेवक असतो. मुली आकड्यातच राहतात. मुलींच्या बाजूनं शोध घ्यायचा तर बातमी सोडून खालची चौकटीतली जाहिरात वाचावी. गंधमुक्ती आणि उत्तरकार्याची तारीख, ठिकाण, आणि ‘शोकाकुल’च्या खाली आडनावांची रांग. त्या रांगेत घरची नसलेली आडनावं दिसली की ती सोयऱ्यांची, म्हणजे मुली कुठल्या घरांत दिल्या त्याचा सुगावा. गावाचं नाव सोबत असेल तर निम्मं काम झालंच.

अंक प्रत्यक्ष कुठे? धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य राजवाडे 31 डिसेंबर 1926 ला धुळ्यातच वारले आणि त्यांच्यामागे मंडळ उभं राहिलं. लोकांच्या माळ्यांवरची दप्तरं कुजण्याआधी गोळा करायची, हा त्यांचा ध्यास होता. पण त्यांनी छापलेल्या ऐतिहासिक साधनांच्या बावीस खंडांत मुख्यतः सरदार-मुत्सद्द्यांची घराणी बोलतात, शेतकऱ्याची नाही, हेही खरं. गावात समर्थ वाग्देवता मंदिर हा जुन्या हस्तलिखितांचा संग्रह आणि गरुड वाचनालय आहे. जळगावात 1877 पासूनचं व. वा. वाचनालय आहे. कुठल्या नियतकालिकात काय आलं याचा अंदाज घ्यायला दाते, काळे आणि बर्वे यांनी केलेली 1800 ते 1950 ची नियतकालिकांची सूची अजूनही पहिल्यांदा उघडावी. ती कित्येकदा इथल्यापेक्षा अमेरिकेतल्या ग्रंथालयात लवकर हाती लागते. 1962 पासून अमेरिकेनं दिलेल्या गव्हाच्या मोबदल्यात मिळालेल्या रुपयांतून लायब्ररी ऑफ काँग्रेसनं भारतीय पुस्तकं विकत घेऊन तिथल्या विद्यापीठांना वाटली, त्यांत मराठीही होती. पणतूच्या गावच्या विद्यापीठात ती धूळ खात असतील, विचारून पाहायला काय जातं?

इथल्या वाचनालयाला पत्र लिहिणाऱ्यानं मात्र ‘आमच्या घराण्याची माहिती कळवा’ असं लिहू नये. तशा पत्राला उत्तर देता येत नाही, ग्रंथपाल कितीही भला असला तरी. पूर्ण नाव, गाव, तालुका आणि फार तर तीन महिन्यांचा पट्टा द्यावा. तो पट्टा काढताना सनांचा घोळ निस्तरावा लागतो. शकात 78 मिळवायचे, महसुली कागदांतल्या फसली सनात 590, आणि गुजराती-मारवाडी पेढीचा कागद असेल तर संवतातून 56-57 वजा. ‘आजोबा छप्पन्नच्या दुष्काळातले’ असं घरात म्हणत असतील तर ते 1956 चे नव्हेत. तो संवत 1956, म्हणजे 1899-1900 चा दुष्काळ. छप्पन्न-सत्तावन्न वर्षांच्या फरकानं एक पिढी चुकते, कधी दोन.

अलीकडे मात्र एक वेगळंच दार उघडलं. 2023 मध्ये मराठा-कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत तहसिलांतली जुनी दप्तरं खाली उतरली. मोडी जाणणाऱ्यांना एकाएकी मागणी आली, आणि ‘कोतवाल बुक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या आणि शाळांची रजिस्टरं यांतली पानं जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढली. म्हणजे पुन्हा सरकारच, आणि पुन्हा प्रश्न जातीचा. बहाळकरांच्या नावापुढे जो रकाना साहेबानं आखला होता, त्याच रकान्याच्या शोधात सव्वाशे वर्षांनी खानदेशातली पानं जगाला दिसू लागली. ज्याला दाखला काढायचा आहे तो जात वाचतो आणि पान बंद करतो. पणतूनं थोडं पुढे सरकावं, मरणाच्या कारणाचा रकाना पाहावा. 1918 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरचं पान मिळालं आणि त्यात ओळीनं ‘ताप’ दिसला, तर तो बहुधा इन्फ्लुएंझा. मग त्याच आठवड्यांतले धुळ्या-जळगावचे अंक मागवावेत, तारखांसकट.