कर्णा आणि तबकडी

नांदेड आणि लातूर या दोन गावी गेल्या वर्षभरात दोन जुनी ध्वनियंत्रे आमच्या पाहण्यात आली. दोन्ही सेकंडहँड घेतलेली, दोन्ही बंद. आणि दोन्ही घरच्या मंडळींनी आम्हास एकच प्रश्न विचारला: हे दुरुस्त करून घेण्याजोगे आहे काय? वास्तविक असा प्रश्न कारागिराला विचारावयाचा; संगीतावर अधूनमधून चार ओळी लिहिणाऱ्यास तो का विचारावा? परंतु यंत्र चालू होईल किंवा नाही एवढेच कारागीर सांगू शकतो. ते चालू व्हावे किंवा नाही, हे ठरविणे रसिकाचे काम आहे; आणि ज्या अर्थी ते रसिकाचे आहे, त्या अर्थी ते टीकेच्या कक्षेत येते.

नांदेडचे यंत्र दिसावयास मोठे देखणे. षट्कोनी लाकडी पेटी, तिच्यावर आरशासारखा लखलखणारा पितळी कर्णा, आणि दर्शनी बाजूस कर्ण्यापुढे कान टवकारून बसलेल्या त्या सुप्रसिद्ध कुत्र्याची पट्टी. यजमानांनी ते मुंबईतील एका दुकानातून चांगली किंमत मोजून आणलेले. चावी दिली असता थाळी अर्धा मिनिट कशीबशी फिरे व थांबे. नवी स्प्रिंग, नवा साउंडबॉक्स आणि साफसफाई मिळून जो आकडा त्यांना सांगण्यात आला, तो खरेदीच्या किमतीस जवळजवळ गाठणारा होता. यजमानांची हौस अशी की, येत्या दिवाळीस पाहुण्यांसमोर या कर्ण्यातून आजोबांच्या तबकड्या वाजाव्यात. त्या तबकड्या एकतीस; निजामी अमदानीतल्या एका पत्र्याच्या ट्रंकेत, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेल्या.

यंत्राविषयी आमचे मत स्पष्ट आहे. ते जुने नाही. अशा प्रकारची यंत्रे आपल्या देशात गेली काही दशके नव्याने जुळविली जात असून परदेशांतील हौशी संग्राहकांतही ती पुरती बदनाम झालेली आहेत. कर्णा नवा, पातळ पत्र्याचा, पेटी नवी, कर्ण्याला आधार देणारे कोपर ओबडधोबड, कारखान्यातील मूळ नळीची निमुळती घडण त्यात नाही, आणि चित्राची पट्टी तर कोणासही करून घेता येते. आतील चावीचे यंत्र व साउंडबॉक्स एवढेच काय ते खरे, आणि तेही बहुधा एखाद्या काळ्या, चौकोनी, हातात धरून नेता येणाऱ्या पेटीफोनोतून काढलेले. म्हणजे शोभा नसलेले एक खरे यंत्र मोडून शोभेचे एक खोटे यंत्र उभे केले गेले! आमच्या वाङ्मयातही हा उद्योग चालतो, परंतु तो विषय निराळा.

खोटेपणा हा सौंदर्याचा दोष झाला. तो सोसता येईल. दिवाणखान्यात पितळेची समई असते तसा हा कर्णा असू द्यावा. परंतु या यंत्राने आजोबांच्या तबकड्या वाजवावयाच्या, हे मात्र आम्हास मुळीच मान्य नाही. त्याचे कारण सुईत आहे.

जुनी तबकडी लाखेची. लाख, दगडाची बारीक पूड आणि काजळी यांच्या मिश्रणातून ती दाबून काढीत. दगडाची पूड घालण्याचा हेतू असा की, पोलादी सुई पहिल्या काही फेऱ्यांतच घासली जाऊन खाचेच्या आकाराची व्हावी. म्हणून प्रत्येक बाजूस नवी सुई लावण्याचा दंडक होता, आणि म्हणून त्या काळी घरोघर सुयांच्या लहान डब्या असत. कर्ण्याच्या यंत्रात आवाज मोठा करणारी वीज नाही. खाचेतील कंपन साउंडबॉक्सच्या पडद्यास आणि तेथून कर्ण्यास पोचवावयाचे, तर सुईवर शंभर ग्रॅमहून अधिक भार पडतो. आजच्या हलक्या पिकअपचा भार दोन-तीन ग्रॅम असतो. तीच सुई दहा बाजूंना वापरणारा गृहस्थ (आणि सुया दुर्मिळ झाल्यावर सर्वच गृहस्थ तसे करतात) प्रत्येक वेळी खाच खरवडतो. तबकडी राखाडी पडू लागली की समजावे, तिच्यातले गाणे बरेचसे सुईच्या टोकावर निघून गेले. पाहुण्यांपुढे चार दिवाळ्या साजऱ्या झाल्या, तर त्या ट्रंकेत घरघरीखेरीज फारसे काही उरणार नाही.

आणि ट्रंकेत काय होते? अब्दुल करीम खाँ, बालगंधर्व, हिराबाई. त्यांच्या शेजारी उर्दू कव्वालीच्या पाच-सहा तबकड्या. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात राहिलेल्या मराठी घरात हा शेजार आम्हास अगदी स्वाभाविक वाटला. दोन तबकड्यांवरील नावे तर आम्ही पूर्वी कधी ऐकलेलीही नव्हती, आणि आमच्या दृष्टीने त्या ट्रंकेतील सर्वांत मोलाच्या त्याच. हिंदुस्थानात तबकडीवरील ध्वनिमुद्रण आले ते १९०२ साली, कलकत्त्यास; गौहरजानचा आवाज त्याच वेळचा. तेव्हापासून लाखेची तबकडी बंद होईपर्यंतच्या साठ-पासष्ट वर्षांत जे गायिले गेले, त्यातील तिच्यावर उतरले तेवढेच आपल्या हाती आहे. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांचा आवाज आज आपणांस कोठेही ऐकता येत नाही. अल्लादिया खाँ १९४६ पर्यंत होते; त्यांचीही तीच गोष्ट. ज्यांचा आवाज राहिला त्यांचा तरी किती राहिला? दहा इंची तबकडीच्या एका बाजूस तीन मिनिटे, फार तर थोडे अधिक. अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्या तीन मिनिटांत रागाची जी मूर्ती उभी केली आहे, ती पाहिली म्हणजे या अडचणीनेही कलेस काही दिले असे म्हणावे लागते. अशी तीन मिनिटे पोलादी सुईखाली घालून शोभा करणे याला आम्ही रसिकता म्हणणार नाही.

आता लातूर. गंजगोलाईत, जेथे सोळा रस्ते येऊन मिळतात, तेथून जवळच राहणाऱ्या एका शिक्षकांचे यंत्र पाहून प्रथम कोणाचेही मन विटेल. रंग उडालेली पेटी, आत इंग्लंडातील गॅरार्ड कारखान्याचा विजेवर चालणारा, एकामागून एक तबकड्या टाकणारा चेंजर. १६, ३३, ४५ व ७८ अशा चार गतींचा. थाळी हलेना. पण आम्ही एका जाणत्या रेडिओ-कारागिरास बरोबर नेले होते, आणि त्याने उघडून दाखविले त्यात जीवघेणे असे काहीच नव्हते. जुने ग्रीस खळीसारखे घट्ट झालेले. मोटारीची गती थाळीस देणारे रबरी चाक कडक होऊन एका जागी चपटे पडलेले. पिकअपचा स्फटिक निकामी. हा स्फटिक रोशेल क्षाराचा असे, व त्यास दमटपणा सोसत नाही तशी उष्णताही सोसत नाही. लातूरचा वैशाख त्याने किती पाहिले असतील कोण जाणे. ग्रीस धुता येते, चाकावर नवे रबर चढविता येते, पिकअप नवा बसविता येतो. मोटार शाबूत होती, आणि ती आपल्या ५० आवर्तनांच्या विजेसाठीच घडविलेली होती. हे शेवटचे अवश्य पाहावे. अमेरिकेतून आलेले ६० आवर्तनांचे यंत्र येथे एकषष्ठांशाने मंद फिरते, आणि त्यावर बाईंचा आवाज बुवांचा होतो.

गती ही केवळ यंत्राची बाब नव्हे, ती पट्टीची बाब आहे. ७८ ऐवजी थाळी ७४ फेरे घेऊ लागली, तर काळी दोनचा गवय्या जवळजवळ पांढरी दोनवर येतो. श्रोत्यास वाटते, बुवांचा आवाज त्या दिवशी बसला होता. परीक्षा सोपी आहे: थाळीवर कागदाचा कपटा ठेवून ३३च्या गतीवर फेरे मोजावेत, तीन मिनिटांत बरोबर शंभर भरले पाहिजेत. फार जुन्या तबकड्यांच्या बाबतीत तर ७८ हा आकडाही प्रमाण धरता येत नाही, कारण प्रारंभीच्या काळी मुद्रणाचीच गती एकसारखी नसे. तेथे शेवटचा निवाडा तंबोऱ्याने व कानाने करावयाचा. दुसरे असे की, लाखेच्या तबकडीची खाच रुंद असते. तिला इंचाच्या तीन सहस्रांश जाडीचे टोक लागते. लाँगप्लेची बारीक सुई तिच्यात तळाशी लोळते व कचरा तेवढा वाजविते. लातूरच्या पिकअपला दोन्ही टोके बसविता येतात, फिरविली की झाले. म्हणूनच हे कुरूप यंत्र दुरुस्त करावे, असे आम्ही निःशंकपणे सांगितले, जरी त्याचाही खर्च खरेदीहून अधिक आहे.

एक आक्षेप येणारच, आणि तो आला: हे सर्व आज मोबाइलवर फुकट ऐकावयास मिळत असता एवढा खटाटोप कशाला? पुष्कळसे मिळते, हे खरे. परंतु ते तेथे आले ते कोणीतरी तबकडी जपली, योग्य सुईने वाजविली आणि उतरवून घेतली म्हणूनच. १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या मंडळींनी या कामी केलेले कष्ट संगीताच्या अभ्यासकांस माहीत आहेत. शिवाय उतरविणाऱ्याने कोणती गती धरली आणि खरखर काढताना आवाजाची कड किती छाटली, हे ऐकणाऱ्यास कळत नाही. नांदेडच्या त्या दोन अनोळखी तबकड्या तर आम्हास मोबाइलवर शोधूनही सापडल्या नाहीत.

१९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी बसवून ती ताऱ्यांकडे धाडली. तीत गोव्याच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, हे बहुतेकांस ठाऊक असते. त्या तबकडीसोबत सुई व पिकअपही ठेविलेला आहे, आणि कोणत्या गतीने फिरवावे हे वेष्टनावर चित्रांनी कोरलेले आहे, हे मात्र फार थोडे सांगतात. कर्णा पाठविण्याचे कोणास सुचले नाही.

नांदेडच्या यजमानांस आम्ही इतकेच सुचविले आहे की, स्प्रिंगेचे पैसे तूर्त राहू द्यावेत. आधी एकतीसही तबकड्यांची यादी करावी: नाव, चीज, कंपनी, लेबलावरील व खाचांच्या आतील बाजूस कोरलेला क्रमांक. तडा गेलेल्या निराळ्या काढाव्यात. वर्तमानपत्राचा कागद टाकून देऊन साध्या कागदाच्या पाकिटांत त्या उभ्या ठेवाव्यात, आडव्या रचू नयेत. उन्हाळ्यात पत्र्याच्या ट्रंकेत तर मुळीच नकोत, लाख वाकते. थंडी पडली म्हणजे त्या लातूरला नेऊन त्या चेंजरवर एकेक करून, आपोआप पडू न देता हाताने ठेवून, एकदाच वाजवाव्यात व उतरवून घ्याव्यात. शिक्षक महाशयांची याला संमती आहे. यजमानांची अद्याप अर्धीच मिळाली आहे. दिवाळीस कर्णा मुका राहणार, हे त्यांच्या मनास अजून पटत नाही.