21 फुटांचं घर

आधी मागच्या चाकाचे नट मोजा. जुनं, छोटं मोटरहोम बघायला गेलात की विकणारा दार उघडून तुम्हाला थेट आत नेतो. गाद्यांचं नवं कापड दाखवतो, धुतलेले पडदे दाखवतो, शेगडी पेटवून दाखवतो. त्याच्या मागे लगेच जाऊ नये. गाडीच्या मागच्या चाकाशी वाकावं, कारण या गाडीचं सगळं मर्म तिथे आहे.

मी बोलतोय ते टोयोटाच्या लहान पिकअप ट्रकवर बांधलेल्या मोटरहोमबद्दल. 1970च्या दशकापासून 1990च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत ती निघत होती. टोयोटाची फक्त पुढची केबिन, इंजिन आणि उघडी चेसिस. वरचं घर अमेरिकन कारखान्यांनी बांधलेलं. शिनूक, डॉल्फिन, सनरेडर, विनेबागोची वॉरियर अशी त्यांची नावं. 1980च्या दशकात पुण्या-मुंबईहून इथे शिकायला आलेली आमची पिढी आता निवृत्त होते आहे. त्या वेळी रस्त्यावर नवीकोरी दिसणारी ही गाडी आता जुनी होऊन आमच्या ऐपतीत आणि आमच्या गरजेत एकाच वेळी येऊन बसली आहे. मुलं आपापल्या गावी, घरात दोघंच. दोघांना 40 फुटी बस कशाला हवी?

ट्रक लहान आणि त्याच्या पाठीवर चढवलेला संसार मोठा, ही या गाडीची मूळ कल्पना. तिचं सौंदर्य त्यातच आहे आणि तिचा धोकाही त्यातच आहे. सुरुवातीच्या गाड्यांना मागे पिकअपचाच ॲक्सल होता. वजन पेलावं म्हणून बांधणाऱ्यांनी दोन्ही बाजूंना जोडचाकं बसवली. दिसायला भक्कम, पण चाकं दुप्पट झाली तरी बेअरिंग एकच राहिलं. त्या रचनेत चाक फिरवणारा दांडाच गाडीचं वजनही उचलतो. तो तुटला किंवा बेअरिंग गेलं, तर जोडचाकं दांड्यासकट निखळतात, आणि महामार्गावर ती तशी निखळलेली आहेत. 1980च्या दशकाच्या मध्याला एक टनी चेसिस आली. तिच्यात वजन ॲक्सलच्या बाहेरच्या नळीवर दोन बेअरिंगांनी तोललं जातं आणि दांड्याकडे फक्त फिरण्याचं काम उरतं. मेकॅनिक त्याला फुल फ्लोटिंग ॲक्सल म्हणतात. ओळखायला सोपं आहे: मागच्या चाकाला पाच नट असतील तर जुना, कमकुवत ॲक्सल, सहा नट असतील आणि मधून हबचा जाड गोळा बाहेर आलेला असेल तर नवा. गाडीच्या सालावर विसंबू नका, कारण जुन्या सालाच्या काही गाड्यांना हा ॲक्सल नंतर बसवलेलाही सापडतो. नट खोटं बोलत नाहीत.

चांगला ॲक्सल असला तरी वजनाचा हिशेब सुटत नाही. 20 गॅलन पाणी भरलं की 75 किलो चढले. त्यात गॅसची टाकी, जेनरेटर, दोन माणसं, कपडे, डाळ-तांदूळ. ही गाडी तुम्हाला प्रत्येक वस्तू हातात घेऊन विचारायला लावते की ही लागणार आहे का. उतारवयात असा प्रश्न विचारणारी वस्तू घरात असणं मला फार मोलाचं वाटतं.

आता वर बघू. बहुतेक गाड्यांचं घर म्हणजे लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, मध्ये थर्मोकोलसारखा फोम आणि बाहेरून ॲल्युमिनियमचा किंवा फायबरग्लासचा पातळ पत्रा. छताच्या कडेला, खिडकीच्या चौकटीला, दिव्याच्या स्क्रूला, जिथे जिथे सांधा तिथे तिथे पाणी वाट शोधतं. ते आत गेलं की लाकूड कुजतं आणि बाहेर बरीच वर्षं काहीच दिसत नाही. ड्रायव्हरच्या डोक्यावर पुढे आलेला जो पलंग आहे, त्याचे पुढचे दोन कोपरे अंगठ्याने दाबून पाहा. गादी उचलून खालची फळी दाबा. दबली, तर परत फिरा. सुगंधी फवारा मारलेल्या गाडीत जास्त वेळ श्वास घ्या, आणि एकाच कोपऱ्यात नवा वॉलपेपर दिसला तर त्याच्यामागे काय आहे ते विचारा.

या सगळ्यांत सनरेडर मला श्रेष्ठ वाटते. कॅलिफोर्नियाच्या गार्डनर-पॅसिफिक कंपनीने तिचं घर पट्ट्या ठोकून बांधलं नाही, साच्यात ओतून घडवलं. फायबरग्लासची दोन अर्धी कवचं, नारळाच्या दोन वाट्या जुळवाव्यात तशी जुळवलेली. कोपरा म्हणून नाहीच, सगळीकडे वळण. पाणी थबकेल अशी कड नाही, कुजेल असा सांगाडा भिंतीत नाही. तिची गोलाई नुसती देखणी नाही, तिच्यामुळेच ही गाडी टिकली. रंगाचे पट्टे, चकचकीत पत्रे, खोट्या झडपा यांतलं काही तिला लागत नाही. उपयोग आणि आकार यांच्यात इतकं कमी अंतर मी फार थोड्या वाहनांत पाहिलं आहे. तिच्या खिडक्या मात्र गळतात, विशेषतः पलंगासमोरची पुढची. पण खिडकी काढून नवं सीलंट लावून परत बसवणं हे धीराने करण्यासारखं काम आहे. कुजलेला सांगाडा बदलणं हे घर पाडून बांधण्याइतकंच काम आहे.

इंजिनासाठी एकच विनंती विकणाऱ्याला आधी फोनवर करून ठेवा: मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. बॉनेटला हात लावून ती गार असल्याची खात्री करा, मगच चावी फिरवा. 22आर आणि तिचं फ्युएल इंजेक्शनवालं रूप 22आरई ही 2.4 लिटरची चार सिलिंडरची इंजिनं चिवटपणासाठी नावाजलेली आहेत, पण त्यांची टायमिंग चेन ज्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवरून सरकते त्या झिजून तुटतात. गार इंजिन सुरू होताना पुढून खडखड आली तर ती तीच. पुढच्या सालांत तीन लिटरचं व्ही6 आलं. ताकद जास्त, पण त्याच्या हेड गॅस्केटची तक्रार सर्वज्ञात आहे. मी चार सिलिंडरच घेईन. ती घाटात ट्रकच्या मागे रांगत चढते, हे खरं. निवृत्त माणसाला पलीकडे पोचण्याची घाई नसावी.

आतला फ्रिज बघताना थोडं थांबा. या फ्रिजमध्ये हलणारा एकही भाग नाही. गॅसची बारीक ज्योत अमोनियाचं द्रावण तापवते आणि त्या उष्णतेतूनच थंडी तयार होते. 1922 साली बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या स्टॉकहोमच्या दोन विद्यार्थ्यांनी ही युक्ती काढली. वाळवंटात, विजेच्या तारेपासून कोसभर दूर, दही घट्ट राहतं ते त्यांच्यामुळे. गाडी तिरकी उभी करून हा फ्रिज तासन् तास चालवला की तो निकामी होतो. मागची झडप उघडून पाहा. नळ्यांवर पिवळी पूड दिसली किंवा अमोनियाचा वास आला तर तो संपला आहे, आणि नव्याची किंमत सौद्यातून कापून घ्या. गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून त्याचा गजर जमिनीलगत लावलेला असतो. तो जुना असेल तर पहिल्याच दिवशी बदला.

लांबी हा या गाडीचा सगळ्यात सुंदर गुण. माँटानातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कमधून जाणारा ‘गोइंग टू द सन’ रस्ता 1933 साली खुला झाला. कड्याच्या कुशीतून तो लोगन खिंडीपर्यंत, 6,646 फुटांवर चढतो. त्याच्या डोंगराळ भागात 21 फुटांहून लांब वाहन जाऊ देत नाहीत, आणि त्यात पुढचा-मागचा बंपरही मोजतात. मोठ्या मोटरहोमचे मालक आपलं घर खाली ठेवून शटल बसमध्ये बसतात. 21 फुटांत मावणारी छोटी टोयोटा आपल्या घरासकट वर जाते. कागदावरचा आकडा मात्र धरू नका, मागे लटकवलेल्या जादा चाकासकट टेपने मोजा. वयाची 62 वर्षं पूर्ण झालेल्या नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना 80 डॉलरमध्ये राष्ट्रीय उद्यानांचा आजन्म पास मिळतो, आणि सरकारी कॅम्पग्राउंडवर बऱ्याच ठिकाणी भाडं निम्मं होतं. तो काढून ठेवाच.

एक गोष्ट गाडीपेक्षा आपल्या शरीराबद्दल आहे. वरचा पलंग बघताना छान वाटतो, पण रात्री दोनदा उठावं लागणाऱ्या माणसाने अंधारात शिडी उतरणं ही वेगळी गोष्ट. बघायला नवरा-बायको दोघांनी जावं. दोघांनी वर चढून आडवं व्हावं, कूस बदलावी, खाली उतरावं. गुडघे नाही म्हणाले तर खालचं टेबल पाडून होणारा पलंग दोघांना पुरतो का ते झोपूनच ठरवावं. न्हाणीघर आणि संडास एकच असतं. त्यात बसून दार लागतं का पाहा. विकणाऱ्यासमोर संकोच करू नका.

मला विचाराल, तर सहा नटांची, 22आरई इंजिनाची 21 फुटी सनरेडर मिळेपर्यंत थांबा, मग त्यासाठी दोन राज्यं ओलांडून जावं लागलं तरी चालेल. ती नाहीच मिळाली तर कोरड्या कोपऱ्यांची डॉल्फिन घ्या. टोयोटाचे सुटे भाग अजून दुकानात मिळतात. सनरेडरच्या वळणदार खिडकीची काच मात्र तयार मिळत नाही, ती घडवून घ्यावी लागते. म्हणून सगळ्या काचा शाबूत असलेलीच गाडी निवडा.